माहेरच्या पत्रांचे दप्तर

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील घराण्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती जी साधने प्रथम येतात, ती जवळपास सगळी पुरुषांच्या वंशाची असतात. इनामाची सनद, फेरफार, वारसनोंद, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी, म्हणजे यात्रेला आलेल्या कुटुंबांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेल्या चोपड्या, आणि हेळव्यांच्या वह्या, या सर्वांत मुलगा कुणाचा आणि नातू कुणाचा हे बिनचूक सापडते. हेळवी म्हणजे दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात फिरणारा, परंपरेने बैलावर बसून येणारा आणि दारात घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारा समाज; त्याच्या वहीतही लेक कोणत्या गावी दिली इथपर्यंतच ती उरते, आणि पुष्कळदा तेवढीही नाही. लेक सासरी गेल्यावर तिचे आईशी जे नाते चालू राहते, त्याचा कागदावरचा पुरावा या दोघींच्या पत्रांखेरीज दुसरीकडे फारसा मिळत नाही. ही पत्रे जमवून, वाचून, त्यांची सूची करण्याच्या कामात वर्षे घालवलेल्या संकलकाच्या अनुभवाचे सार असे, की पत्रातील मजकुराइतकेच, कधी त्याहून अधिक, मजकुराच्या भोवतालचे सांगत असते: पाकीट, शिक्का, घडी, गठ्ठ्यातील जागा, आणि न आलेले पत्र.

या भागात कागद शोधण्याची परंपरा जुनी आहे. वाईला मिळालेल्या पानिपतविषयक कागदांतून वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला, आणि साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी जमवलेला संग्रह पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. या मंडळींचे लक्ष राज्यकारभार आणि मोहिमा यांवर असल्यामुळे बायकांची पत्रे त्यांत आली ती राजकारणाच्या ओघात. वाईच्या रास्त्यांची लेक आणि माधवराव पेशव्यांची आई असलेल्या गोपिकाबाईंची पत्रे आज वाचायला मिळतात, त्याचे कारण त्या पेशव्यांच्या घरातल्या होत्या. साध्या घरातील आईने लेकीला पाठवलेल्या कार्डाला दप्तर म्हणायचे कुणाला सुचले नाही, आणि ज्या घरात ते पडून होते त्या घरालाही सुचले नाही.

आई-मुलीचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने जपला गेल्याचे मराठी समाजातील ठळक उदाहरण पंडिता रमाबाई आणि त्यांची कन्या मनोरमा यांचे आहे. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेत गेल्या, लहानगी मनोरमा काही काळाने इंग्लंडमधील वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे परतली, आणि आई एका खंडात व मूल दुसऱ्या खंडात अशा स्थितीत पत्रे चालू राहिली. मठातील सिस्टर जेराल्डीन यांनी रमाबाईंचा पत्रव्यवहार जपला व संकलित केला, म्हणून अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाला तो १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध करता आला. हा ग्रंथ वाचताना एक गोष्ट सतत जाणवते, ती अशी की जपणारी व्यक्ती तटस्थ नव्हती. रमाबाईंच्या धर्मविषयक मतांशी तिचा वाद होता, आणि काय ठेवायचे, कोणत्या क्रमाने लावायचे, कशावर टीप द्यायची, हे तिनेच ठरवले होते. घरगुती पत्रे लावणाऱ्या प्रत्येकाच्या हातून, नकळत का होईना, हेच होत असते; फरक एवढाच, की तेथे जपणारा माणूस बहुधा मुलगा किंवा सून असतो.

जुन्या वाड्यांत आणि चौसोपी घरांत पत्रे सापडण्याच्या जागा ठरलेल्या असत: माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, देवघराशेजारचे फडताळ, आणि तार. तार म्हणजे खाली लाकडी चकती आणि वर आकडा असलेली जाड सळई. आलेले कार्ड वाचून झाले, की ते मधोमध टोचून तीत सरकवायचे आणि तार पुन्हा खुंटीला अडकवायची, अशी रीत होती. अशा तारेवरच्या प्रत्येक कार्डाच्या मध्यभागी भोक असते, भोकाभोवती गंजाचे तांबूस कडे असते आणि त्या कड्यात दोनचार अक्षरे कायमची गेलेली असतात. सर्वांत जुने पत्र तळाशी आणि नवे वर, असा कालक्रम मात्र तारेने आपोआप राखलेला असतो. घरातील उत्साही मंडळी पाहुणा संकलक येणार म्हणून आदल्या रात्री तार मोकळी करून पत्रे स्वच्छ पुसून, आकाराप्रमाणे लावून ठेवतात, आणि ज्या पत्रांवर तारीखच नाही त्यांचा काळ सांगणारा एकमेव पुरावा त्या रात्रीत नाहीसा होतो. म्हणून गठ्ठा सोडण्यापूर्वी, दोरा न कापता, वरून खाली छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा, हा या कामातील पहिला नियम होय. अभिलेखशास्त्रात, म्हणजे जुने कागद सांभाळण्याच्या शास्त्रात, याला मूळ क्रम राखणे म्हणतात.

तारीख नसणे हा आईच्या पत्रांचा नेहमीचा गुण आहे. ‘आश्विन शुद्ध पंचमी, गुरुवार’ एवढे लिहिले, की तिच्या दृष्टीने काळ सांगून झाला. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढता येतो, पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलल्यानंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, आणि शक नसेल तर तिथी-वाराची सांगड जुन्या पंचांगांत शोधावी लागते. अशा वेळी टपालखाते फार उपयोगी पडते. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ पासून चालू झाले. अंतर्देशीय पत्र, ज्याला घरोघर इनलँड म्हणत, ते १९५० मध्ये आले. १९५७ च्या एप्रिलपासून आण्यांची जागा नव्या पैशांनी घेतली आणि १९६४ मध्ये तिकिटावरचा ‘नया’ हा शब्द गेला. पिनकोड १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाला. सातारा-सांगलीच्या पत्रांना याखेरीज एक खास खूण आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे ‘जि. द. सातारा’ असा पत्ता असलेले कार्ड १९४९ च्या आधीचे असू शकत नाही. ते १९६० च्या नंतरचे असू शकते, कारण सरकारने नाव बदलले म्हणून आईचा हात लगेच बदलत नाही, आणि पोस्टमनलाही जुन्या नावाने घर सापडत असे.

पत्ता आणि मायना यांतील विसंगतीवर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण वंशावळी जुळवताना सर्वाधिक घोटाळे येथे होतात. लग्नात तांदळावर लिहून मुलीचे नाव बदलण्याची चाल या भागातील अनेक घरांत होती. आई मात्र पत्रात माहेरचेच नाव लिहीत असे, आणि वर पत्ता असे तो सासऱ्यांच्या किंवा जावयाच्या नावाचा. परिणामी एकाच बाईची तीन रूपे कागदावर येतात, आणि घरातील नातवंडांना पाकिटावरचे आजोबा ठाऊक असतात, पण आत ‘चि. सौ.’ करून जिला हाक मारली आहे ती आपलीच आजी, हे ओळखता येत नाही. मिरज भागातील एका घरात अशा पत्रांचा गठ्ठा ‘दुसऱ्या कुणाचा तरी’ म्हणून रद्दीच्या वाटेला लागला होता. त्यातील एका पत्रात नातवाच्या जन्माची वेळ व नक्षत्र होते, आणि ते घरातील थोरल्या मुलाच्या पत्रिकेशी जुळले, तेव्हा तो गठ्ठा घरचा झाला.

मायना म्हणजे पत्राच्या आरंभीचा ठरलेला आदरार्थी मजकूर. लेक आईला ‘तीर्थरूप सौ. आईस शि. सा. न. वि. वि.’ लिहिते, याचा विस्तार शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष असा. सासूला किंवा मावशीला लिहिताना बहुधा ‘तीर्थस्वरूप’ येते. हे शब्द ठोकळेबाज आहेत म्हणून वाचणारे डोळे त्यांवरून घसरतात, पण बदल नेमका तेथेच उमटतो. साताऱ्याच्या एका संग्रहात पावसाळ्याच्या पत्रापर्यंत ‘ती. सौ. आई’ होते आणि दिवाळीनंतरच्या पत्रात ‘ती. गं. भा. आई’ झाले. गंगाभागीरथी हे विधवेच्या नावामागे लावण्याचे उपपद असल्यामुळे वडील मधल्या चार महिन्यांत वारले हे त्या दोन अक्षरांनी सांगितले. मृत्यूचा उल्लेख असलेले पत्र त्या गठ्ठ्यात नव्हते, आणि तसे ते कधीच नसते. दुःखाची वार्ता देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, ते उंबऱ्याबाहेर वाचून तेथेच फाडून टाकत, घरात आणत नसत. लग्नपत्रिका हळदकुंकू लावून जपल्या जातात आणि मृत्यूची पत्रे रीतीनेच नष्ट होतात, त्यामुळे घरगुती दप्तर मुळातच शुभाकडे झुकलेले असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यावरून कुटुंबाच्या सुखदुःखाचा हिशेब मांडू नये.

पोस्टकार्ड उघडे असते आणि सासरी आलेले पत्र मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत होती, या दोन गोष्टींनी आई-लेकीच्या लेखनाला विशिष्ट वळण दिले. ‘इकडील सर्व क्षेम’ येथून सुरू झालेले कार्ड पाऊसपाणी, शेजारचे लग्न, कुरडयांचे वाळवण, येणाऱ्याबरोबर पाठवलेले कंदी पेढे आणि सांगलीहून मागवलेली हळकुंडे यांतून फिरून ‘मोठ्यांना सा. न., लहानांस अ. आ.’वर संपते, आणि तोवर वाचणाऱ्याला काहीही हाती लागत नाही. मग येतो ‘ता. क.’, म्हणजे ताजा कलम, सही झाल्यावर सुचलेली ओळ. एका मालिकेत प्रत्येक कार्डाच्या ताज्या कलमात घरच्या गायीची चौकशी होती: चारा खाते का, दूध कमी झाले का, पाय अजून दुखतो का. त्या घरी त्या काळात गाय नव्हती, हे त्याच गठ्ठ्यातल्या दुधाच्या हिशेबाच्या वहीवरून कळले. हा संकेत होता की घरातली थट्टा, याचा निकाल संकलकाने देऊ नये असे वाटते. वही आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवावे आणि टिपेत तेवढेच नोंदवावे. इनलँड आल्यावर, ते चिकटवता येत असल्याने, हा प्रकार कमी होतो आणि मजकूर एकदम मोकळा होतो. पन्नाशीच्या दशकात बायका अधिक धीट झाल्या असा निष्कर्ष अशा संग्रहांवरून कुणी काढला, तर त्यातला काही भाग डिंकाच्या पट्टीचा आहे हे सांगावे लागेल.

अक्षर कुणाचे आणि शब्द कुणाचे हा प्रश्नही सुटा ठेवावा लागतो. जुन्या पिढीतील पुष्कळ आया लिहीत नसत, सांगत असत. लिहिणारा धाकटा दीर असे, शाळेत जाणारा मुलगा असे, कधी पोस्टमनच असे. मोडीतली पत्रे बहुतेक अशा पुरुष लेखनिकांची निघतात, कारण मोडी ही हिशेबाची व कचेरीची लिपी होती आणि बायकांना शिकवले गेले तर पोथीपुरते बाळबोध. सांगून लिहवलेल्या पत्रात दोन आवाज असतात. सहावीतल्या मुलाने आईचे म्हणणे शाळेतल्या निबंधाच्या भाषेत घातले आणि शेवटी स्वतःच्या गोट्यांची बढाई आईच्याच नावे जोडली, असे एक पत्र वाळवा तालुक्यातील घरात मिळाले. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम, म्हणजे गावोगाव प्रौढांना साक्षर करण्याची चळवळ, सुरू झाली. त्या सुमाराच्या काही गठ्ठ्यांत लेखनिकाच्या सफाईदार अक्षराखाली थरथरत्या, एकेक सुट्या अक्षरांत आईचे नाव दिसू लागते. पुढच्या पत्रात सहीआधीची एक ओळही तिची असते.

ज्या घरांत लेखनिकही नव्हता, त्या घरांतील आई-लेकींचे बोलणे पत्रांत शोधून मिळणार नाही. माहेरची वाट, न्यायला मुऱ्हाळी न आल्याचा राग, सासूचा जाच, हे सर्व तेथे जात्यावरच्या ओव्यांत आहे, आणि गी प्वातव्हाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या लाखावर ओव्यांत त्याचा साठा आहे. पत्रांवरून लिहिलेला कुटुंबाचा इतिहास हा अक्षर शिकलेल्या घरांचा इतिहास आहे, ही मर्यादा प्रस्तावनेत लिहून भागत नाही, ती प्रत्येक निष्कर्षाला लागू होते.

गठ्ठ्यातील खंड वाचायला शिकणे हा या कामातील खरा टप्पा ठरतो. आरंभी असे खंड म्हणजे हरवलेली पत्रे, असे समजून शोधाशोध होते. पण पहिलटकरीण माहेरी येते, सातव्या-आठव्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत राहते, आणि त्या काळात आई लेकीला पत्र लिहीत नाही, कारण लेक समोरच बाळंतकाढा घेत असते. पंचमीचा, दिवाळसणाचा, उन्हाळ्याचा खंडही असाच. खंडांच्या तारखा एका बाजूला आणि मुलांच्या जन्मतारखा दुसऱ्या बाजूला मांडल्या, की कोणते बाळंतपण माहेरी झाले हे बहुतेक वेळा कळते. आणि खंड आहे पण त्याच्या शेवटी मूल नाही, अशी जागा आली, तर तेथे प्रश्न विचारण्यापूर्वी समोर बसलेल्या वृद्ध बाईच्या चेहऱ्याकडे पाहावे. काही घरांत उत्तर मिळते, काही घरांत चहा येतो आणि विषय बदलतो.

१९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपानंतरची पत्रे या दोन्ही जिल्ह्यांत आढळतात, आणि ती विलक्षण सारखी आहेत: भिंतीला तडा कुठे गेला, रात्री अंगणात कोण कोण झोपते, भांडी मांडणीवरून किती पडली. देशाच्या इतिहासातली मोठी घटना घरगुती पत्रात भांड्यांच्या आवाजाने येते, एवढे नोंदवून पुढे जाता येईल.

कागदाचा खरा शत्रू येथे कृष्णा आहे. २००५ च्या आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीच्या सखल भागातील घरांच्या तळमजल्यांवर जे होते ते गेले, आणि ट्रंका जड म्हणून पुष्कळदा तळमजल्यावरच असत. ओल्या गठ्ठ्याबाबत अनुभवाने ठरलेल्या गोष्टी अशा, की तो उन्हात टाकू नये, ओला असताना पत्रे ओढून सुटी करू नयेत, आणि लगेच काम करणे शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे बुरशी थांबते. नंतर थोडा थोडा भाग काढून, पंख्याखाली, टिपकागद बदलत वाळवावा. शाईपेनची निळी शाई पाण्यात विरघळून पान नुसते निळसर उरते, निळी-काळी शाई लोहामुळे बरीच तग धरते, बॉलपेन टिकते, आणि सर्वांत चांगली टिकते पेन्सिल, जिला घरात कुणी मोजत नव्हते. इनलँडची कड मात्र डिंकाने अशी चिकटते, की वाफ देऊन तासभर धीर धरावा लागतो. त्याउलट कोरड्या घरांत कसर आणि वाळवी असते, त्यासाठी वेखंडाच्या कांड्या ठेवण्याची जुनी पद्धत वाईट नाही. वाईट आहे ते पत्र टिकावे म्हणून त्याला लॅमिनेशन करणे, कारण एकदा प्लास्टिकात तापवून बसवलेला कागद पुन्हा सुटत नाही.

बहुतेक संग्रहांत संवादाची एकच बाजू उरलेली असते. आईची पत्रे लेकीने जपली, ट्रंकेत घडी करून सासरी ठेवली. लेकीची पत्रे माहेरी राहिली आणि भावांच्या वाटणीत, घर पाडताना, आईच्या मृत्यूनंतर खोली रिकामी करताना गेली. त्यामुळे लेकीचे बोलणे आईच्या उत्तरांतून उलटे काढावे लागते: ‘तू लिहितेस तसे करू नकोस’ या वाक्यात लेकीने काय लिहिले होते याचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज तो अंदाजच राहतो. दोन्ही बाजू मिळाल्याचे एक उदाहरण साताऱ्यात घडले. तेथे मुलीने स्वतःची पत्रे आईच्या हयातीतच परत मागून नेली होती. का मागितली, हे विचारल्यावर तिने ‘वाचायची होती’ एवढेच सांगितले.

जपणूक झाल्यावर प्रसिद्धीचा प्रश्न येतो, आणि तो कागदाच्या प्रश्नाहून अवघड आहे. कायद्याने पत्राचा कागद ज्याला आले त्याचा असतो, पण मजकुरावरचा लेखनहक्क, म्हणजे तो छापण्याचा अधिकार, लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो. आईने लेकीला लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा लेकीच्या मुलांकडे असतो आणि हक्क मात्र मामांच्या मुलांनाही पोचतो, ज्यांना ती पत्रे अस्तित्वात आहेत हेच ठाऊक नसते. शिवाय त्यांत लेकीच्या सासूविषयी जे लिहिले आहे, ती त्याच मुलांची आजी असते. तासगाव भागातील एका कुटुंबात सगळी भावंडे राजी झाली आणि एका मामेभावाने नकार दिला. त्याने कारण सांगितले नाही, आणि ते मागण्याचा अधिकारही कुणाला नव्हता. त्या पत्रांच्या प्रतिमा तीन घरांत तीन हार्डडिस्कवर ठेवल्या आहेत, मूळ पत्रे आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत आहेत, आणि सूचीत प्रत्येक पत्रापुढे तारीख, गाव, कार्ड की इनलँड, लेखनिक कोण, एवढेच लिहून मजकुराच्या रकान्यात ‘राखीव’ असा शेरा आहे.